पळताना मी असा दिसतो?? फॉर्म सुधारावा का, आणि कसा?

मेहरूणचं_कासव | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

राम राम मंडळी. जळगावला असतो, वय ४१, वजन ७८. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले शुगर बॉर्डरवर आहे, तेव्हा मेहरूण तलावावर चालायला लागलो, चालता चालता पळायला लागलो, आता आठवड्यातून चार दिवस पळतो. १० किमीला ६४ मिनिटं लागतात आणि गेलं वर्षभर ती ६४ च आहेत, ६३ व्हायला तयार नाही.

तर झालं असं की मागच्या रविवारी एका शर्यतीत भाच्याने माझा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. मी स्वतःला पळताना कधी पाहिलंच नव्हतं हो. मनात चित्र असं की हरणासारखा नाही तरी बऱ्यापैकी माणसासारखा पळत असेन. व्हिडिओत दिसला तो एसटी सुटत असलेला माणूस. पाय लांब पुढे फेकतोय, टाच धाडकन आपटतेय, डोकं वर-खाली वर-खाली, आणि उजवा हात तर हलतच नाही, छातीला चिकटलेला. बायको म्हणाली कुत्रं मागे लागलं होतं का. आई म्हणाली, अरे याला कुठेतरी दुखतंय. आईचं बरोबर आहे, आठव्या किलोमीटरनंतर उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, ते मी घरात सांगितलेलं नाही.

प्रश्न असे: या वयात पळायची ढब बदलता येते का? टाचेवर पडणं खरंच वाईट आहे का? आणि ते मिनिटाला १८० पावलं पाहिजेत म्हणतात ते काय आहे? नेटवर वाचून वाचून डोकं बधिर झालंय, एक जण म्हणतो चवड्यावर पळा, दुसरा म्हणतो काही करू नका.

खान्देशी_ठेचा | २३ नोव्हेंबर, रात्री १०:०२

भो, तू पयी ऱ्हायना का उड्या मारी ऱ्हायना? व्हिडिओ टाक ना आधी.

मेहरूणचं_कासव | २३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

व्हिडिओ टाकणार नाही. इज्जत तेवढीच राहिलीय.

भुसावळ_लोको | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मी ६३ वर्षांचा, रेल्वेतून रिटायर. आमच्या काळी फॉर्म वगैरे शब्द नव्हते, पळायचं म्हणजे पळायचं. माझं स्पष्ट मत, काही बदलू नका. एमिल झाटोपेकचे जुने व्हिडिओ बघा, मान वाकडी, जीभ बाहेर, चेहरा असा की आत्ता पडेल, आणि त्याच माणसाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली. पॉला रॅडक्लिफ प्रत्येक पावलाला मान हलवायची, तिने २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन पळून केलेला रेकॉर्ड १६ वर्षं टिकला. त्यांना कोणी व्हिडिओ दाखवून घाबरवलं नाही. शरीर आपलं आपण शिकतं.

फिजिओ_धुळे | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

लोको काका अर्धे बरोबर आहेत, अर्ध्याबद्दल भांडते.

आधी टाचेचं. टाच आधी टेकते म्हणून फॉर्म वाईट, हे डोक्यातून काढून टाका. लांबच्या शर्यतीत बहुतेक लोक टाचेवरच पडतात, त्यात पुढे असणारेही आले. टाच की चवडा यापेक्षा पाऊल पडतं कुठे ते बघायचं. व्हिडिओ कडेने काढलेला असेल तर पाऊल जमिनीला लागतं त्या क्षणाला थांबवा आणि नडगी बघा. नडगी साधारण उभी असेल तर टाच आधी लागली तरी फार बिघडत नाही. पण गुडघा जवळजवळ सरळ, नडगी पुढे तिरपी आणि पाऊल गुडघ्याच्याही पुढे पडलेलं असेल तर तुम्ही प्रत्येक पावलाला ब्रेक मारताय. लहानपणी लुनाचा ब्रेक लागत नसला की पाय घासून थांबवायचो ना, तसं. आणि थांबवलेलं शरीर परत पुढच्या पावलाला ढकलायचं. यात दम पण जातो आणि धक्का गुडघ्याला बसतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्याच वेगात पावलं थोडी वाढवायची. पावलं वाढली की ती आपोआप लहान होतात आणि पाय शरीराच्या खाली पडायला लागतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लोकांनी २०११ मध्ये हे मोजलं, स्वतःच्या नेहमीच्या लयीपेक्षा ५ ते १० टक्के जास्त पावलं घेतली तर गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो. माझ्याकडे गुडघा घेऊन येणाऱ्या पळणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच करायला सांगते, बूट नंतर.

काकांशी भांडण एवढंच की त्या मोठ्या खेळाडूंची मान वाकडी होती, पाय वाकडे पडत नव्हते. वरचं हलणं दिसायला वाईट दिसतं, खालचं चुकलं की दुखतं.

भुसावळ_लोको | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:०३

पाय वाकडे नव्हते हे मान्य. बाकी मत कायम.

चाळीसगाव_पॅसेंजर | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

१८० बद्दल. जॅक डॅनियल्स नावाच्या अमेरिकन कोचने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्टँडमध्ये बसून धावपटूंची पावलं मोजली आणि जवळपास सगळे मिनिटाला १८० किंवा त्याच्या वर होते, तिथून हा आकडा जगभर गेला. पण ते ऑलिम्पिकवाले, आणि शर्यतीच्या वेगात! आपण सकाळी किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद अशा वेगाने मेहरूणला चाललो आणि १८० करायला गेलो तर उंदरासारखं दिसेल. उंची, वेग, पाय किती लांब, सगळ्यावर असतं ते.

कासव भाऊ, आधी तुमचं मोजा. सहज पळताना फक्त उजवा पाय टेकतो तेवढा ३० सेकंद मोजा आणि ४ ने गुणा.

मेहरूणचं_कासव | २४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मोजलं, तीनदा. ३८, ३८, ३८. म्हणजे १५२. हे किती वाईट आहे?

चाळीसगाव_पॅसेंजर | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

वाईट नाही, लांब टांगा टाकताय एवढंच. मी बँकेत असतो म्हणून हिशोब करून ठेवला. ६४ मिनिटांत १० किमी म्हणजे मिनिटाला १५६ मीटर. १५२ पावलं म्हणजे एक पाऊल साधारण १०३ सेंटिमीटर. आता ५ टक्के वाढवून १६० केली तर पाऊल होतं ९८ सेंटिमीटर. म्हणजे फक्त पाच सेंटिमीटरचा प्रश्न आहे, आगपेटीच्या लांबीएवढा. पूर्ण १० किमीत तुमची ९,७२८ ऐवजी १०,२४० पावलं होतील, ५१२ पावलं जास्त पण प्रत्येक हलकं.

खान्देशी_ठेचा | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१४

५१२ पावलं जास्त टाकून टाइम तोच?? हा बँकेचाच हिशोब.

अनवाणी_गेलो_आणि | २४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

चवड्यावर पळा म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, हे सांगायलाच आलो. माझी गोष्ट ऐका. २०१० मध्ये हार्वर्डच्या लिबरमनचा अनवाणी पळणाऱ्यांवरचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला आणि जगभर अनवाणी पळायची लाट आली, मी तेव्हा पुण्यात नोकरीला, आयटीत, म्हणजे लाटेत वाहून जायला एकदम योग्य माणूस. पाच बोटांचे ते हातमोज्यासारखे बूट मागवले. त्या अभ्यासात लिहिलेलं होतं की लहानपणापासून अनवाणी पळणारे बहुतेक चवड्यावर किंवा मधल्या पायावर पडतात आणि धक्का कमी बसतो, त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं की पाचोऱ्याच्या माणसाने पंधरा वर्षं बूट घालून अचानक हे करावं. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटा उतरायचो. दुसऱ्या आठवड्यात वाटलं सवय होतेय. चौथ्या आठवड्यात पंज्याच्या हाडाला बारीक तडा. सहा आठवडे पळणं बंद, आणि ऑफिसातले विचारायचे की काय झालं तर सांगायची लाज वाटायची.

नंतर कळलं की भार कुठे जात नाही, तो फक्त जागा बदलतो. टाचेवर पडलात तर गुडघ्याकडे जास्त, चवड्यावर पडलात तर पोटरी आणि टाचेच्या वरच्या शिरेकडे जास्त. ज्याचा गुडघा दुखतो त्याला थोडं तिकडे सरकवणं ठीक, पण थोडं.

सोळाशे_मीटर | २५ नोव्हेंबर, पहाटे ४:४०

मी शिरपूर साइडचा, पोलीस भरतीची तयारी करून राहिलो, तिसरं वर्ष. आमच्या ग्राउंडवर फॉर्म फिर्म कोणी शिकवत नाही, सर एकच सांगता, खांदे खाली आणि हात मागे. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदात मारलं तर २० पैकी २० मार्क. म्हणजे ४०० चा एक राउंड ७७-७८ सेकंदात, चार वेळा. सगळी पोरं पहिला राउंड ६५ ला मारतात, मग तिसऱ्या राउंडला मान मागे, छाती पुढे, हात कानापर्यंत, आणि पाय जसे चिखलात. मी पण तेच करायचो. मागच्या वर्षी दोन मार्कांनी गेलं.

आता या वर्षी पहिला राउंड ७८ ला धरतो तर शेवटच्या राउंडला पण फॉर्म तसाच राहतो, मुद्दाम काही केलं नाही. मला तर वाटतं फॉर्म बिघडतो म्हणून माणूस थकत नाही, थकतो म्हणून फॉर्म बिघडतो. कासव काका तुमचा व्हिडिओ कितव्या किलोमीटरचा आहे?

मेहरूणचं_कासव | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:००

नवव्या. भाचा शेवटच्या वळणावर उभा होता.

(आणि काका काय रे, ४१ आहे फक्त.)

फिजिओ_धुळे | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

@सोळाशे_मीटर पहाटे पावणेपाचला एवढं शहाणं लिहिलंस! अगदी बरोबर. कासव भाऊ, दुसऱ्या किलोमीटरचा पण व्हिडिओ काढा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. दुसऱ्यालाही पाय पुढेच पडत असेल तर सवय आहे. फक्त नवव्यालाच पडत असेल तर ताकद कमी पडतेय किंवा सुरुवात जोरात होतेय, आणि त्याला मेट्रोनोम (ठेक्याची टिकटिक देणारं यंत्र) लावून उपयोग नाही.

केळीबाग | २५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मी पळत नाही, शेतात चालणं हेच रनिंग. पण हा धागा वाचता वाचता एक डोक्यात आलं. रावेरला आमच्याकडे केळी काढायला टोळी येते, एकेक घड पंचवीस-तीस किलोचा, डोक्यावर चुंबळ, त्यावर घड, आणि बागेतून ट्रकपर्यंत चालायचं, पायाखाली पाट, ठिबकच्या नळ्या, ओली माती. घडाला धक्का लागला की केळी काळी पडते आणि व्यापारी भाव पाडतो, म्हणून ती माणसं चालतात कशी तर डोकं एका रेषेत, वर-खाली होतच नाही, पावलं लहान लहान आणि भरभर, गुडघे थोडे वाकलेले. लांब टांग टाकणारा नवीन पोरगा पहिल्याच दिवशी घड पाडतो आणि शिव्या खातो. तुम्ही जे पावलं लहान करा, डोकं हलवू नका म्हणून राहिले ते आमच्याकडे टोळीचा मुकादम रोज ओरडून सांगतो.

चाळीसगाव_पॅसेंजर | २५ नोव्हेंबर, दुपारी १:३५

वा! या धाग्यातली सगळ्यात भारी पोस्ट. घड्याळात 'व्हर्टिकल ऑसिलेशन' म्हणून आकडा येतो तो हाच, दर पावलाला शरीर किती सेंटिमीटर वर जातं. वर जाण्यात घातलेला जोर पुढे जायला मिळत नाही. आम्ही त्यासाठी तीस हजाराचं घड्याळ घेतलं.

केळीबाग | २५ नोव्हेंबर, दुपारी १:४१

या रावेरला, घड देतो डोक्यावर, फुकट.

भुसावळ_लोको | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

केळीबागने लिहिलं म्हणून आठवलं. मी सात वर्षं चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी गेलोय, भुसावळहून, उन्हात. पहिल्या वर्षी तरुण पोरांबरोबर तरातरा निघालो, पारोळ्याच्या पुढे पायाला हे मोठाले फोड. आमच्याबरोबर एक म्हातारी होती, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरही करून आलेली, ती आपली घसटत घसटत, पाय जमिनीपासून फार उचलायचीच नाही, सगळे तिला मागे टाकून जायचे आणि संध्याकाळी मुक्कामाला ती आमच्या आधी बसलेली. मग मी तिच्या मागे मागे चालायला लागलो.

आता हे लिहिल्यावर लक्षात येतंय की मी माझ्याच वरच्या मताच्या विरुद्ध बोललो. ढब बदलली होती मी. असो.

खान्देशी_ठेचा | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२२

काकांची गाडी रिव्हर्स 😄

अमळनेरची_लेक | २६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

बायकांची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मी दोन बाळंतपणांनंतर पळायला लागले. माझा फॉर्म सगळ्यात वाईट कुठे होता तर खांद्यांत. खांदे कानाशी, कोपरं पोटाशी दाबलेली, मान खाली, हात पुढे एकमेकांना ओलांडणारे, त्यामुळे कंबर दोन्हीकडे वळायची आणि पाठ दुखायची. व्हिडिओ बघून खांदे सैल सोडा सोडा असं स्वतःला बजावायचे आणि दोनशे मीटरला परत तेच.

मग मागच्या वर्षी धुळ्याला बहिणीकडे महिनाभर होते, तिथे आठ-दहा बायकांचा ग्रुप पहाटे पळतो, त्यांच्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी बहिणीने व्हिडिओ काढला तर खांदे खाली! मी काहीच केलं नव्हतं. तेव्हा कळलं, एकटी पळताना रस्त्यावरच्या टपरीवरून जे बघतात ना, त्यांच्यापासून अंग चोरत पळत होते मी. ओढणी सांभाळत, अंग आक्रसून. चहाच्या टपरीने बिघडवलेला फॉर्म कोणतं ड्रिल करून सुधारतो ते सांगा.

आता इथे आम्ही चौघी आहोत, ओढणी घरी ठेवतो. माझी इकॉनॉमी (कमी दमात पळणं) का काय ती तिथे सुधारली.

फिजिओ_धुळे | २६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

हे मला क्लिनिकमध्ये कोणी सांगत नाही आणि मी पण कधी विचारलं नाही. आता विचारणार.

गिरणाकाठ | २७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सगळं वाचलं. एक साधा प्रश्न, कासव भाऊ, मूळ पोस्टमध्ये लिहिलंय उजवा हात छातीला चिकटलेला. त्या हातात मोबाईल असतो का?

मेहरूणचं_कासव | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

अरे देवा.

हो. गाणी लावलेला, दोन वर्षांपासून, कायम उजव्याच हातात.

गिरणाकाठ | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

आणि रस्त्यावर पळता तेव्हा कोणत्या बाजूने?

मेहरूणचं_कासव | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:१८

उजव्या. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून. दर रविवारचा लांबचा रन असाच, जाताना उजवीकडून आणि येताना पण उजवीकडून. का?

गिरणाकाठ | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

मी रस्त्याची कामं करतो म्हणून विचारलं. डांबरी रस्ता सपाट नसतो, पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. तुम्ही उजव्या कडेने पळता म्हणजे तुमचा उजवा पाय कायम डाव्यापेक्षा खालच्या पातळीवर पडतो, दोन वर्षं, दर रविवारी. दुखतो कोणता गुडघा? उजवा. डॉक्टर मी नाही, पण दर वेळी एकाच उतारावर पळायचं कशाला? सपाट मातीचा रस्ता शोधा, पाटाकडेचा, शेतातला.

फिजिओ_धुळे | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

याच्यामुळेच दुखतं असं बघितल्याशिवाय म्हणणार नाही, पण दोन्ही गोष्टी बदलायला पैसे लागत नाहीत, तेव्हा लगेच बदला. गाड्यांकडे पाठ करून मात्र पळू नका, त्यापेक्षा तलावावर किंवा ग्राउंडवर जा आणि फेऱ्यांची दिशा एक दिवस इकडून एक दिवस तिकडून.

बाकी करायचं एवढंच. आठवड्यातल्या दोन सोप्या रनमध्ये मधली दहा-दहा मिनिटं १६० च्या ठेक्यावर, वेग न वाढवता. वेग वाढला तर काहीच कळणार नाही काय बदललं. सोप्या रननंतर वीस-वीस सेकंदांचे चार-पाच वेगाचे तुकडे, अंग सैल सोडून, मधे पूर्ण चालत. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा खाली-वर, एका पायावर, दिवसाआड, कारण पावलं बदलली की पोटरीला जास्त काम पडणारच आहे (अनवाणी भाऊंची गोष्ट आठवा). आणि पुढे झुकायचं असेल तर घोट्यापासून सगळं अंग झुकवा, कंबरेत वाकू नका, कंबरेत वाकलं की पाय परत पुढे पडतो.

एक मात्र आधीच सांगते, ६४ चे लगेच ६२ होणार नाहीत. शरीराने स्वतः निवडलेली टांग बहुतेक वेळा त्याच्यासाठी स्वस्तच असते, दमाच्या हिशोबाने. लोको काकांचं ते अर्धं इथेच बरोबर आहे. नवीन चाल सुरुवातीला उलट महाग पडते, जास्त धाप लागेल. गुडघ्यासाठी करा, टायमिंगसाठी नको.

सोळाशे_मीटर | २७ नोव्हेंबर, दुपारी २:००

टायमिंगसाठी किलोमीटर वाढवा काका. आठवड्याला किती होतात?

मेहरूणचं_कासव | २७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

२४-२५. आणि काका म्हणू नको.

खान्देशी_ठेचा | २७ नोव्हेंबर, रात्री ९:००

१६० चा ठेका पाहिजे तर मेट्रोनोमची टिकटिक कशाला, वरातीत वाजणारी अहिराणी गाणी लाव. माझ्या मोबाईलमध्ये आहे त्यातलं एक मोजलं, १५८ निघालं. जरा स्पीड वाढवून लाव. फक्त रस्त्यात नाचू नको.

चाळीसगाव_पॅसेंजर | २७ नोव्हेंबर, रात्री ९:०५

धागा भरकटतोय पण विचारतो, हिवाळा आहे, भरीत पार्टी कधी?

केळीबाग | २७ नोव्हेंबर, रात्री ९:१२

वांगी बामणोदची, काड्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी. पाटणादेवीच्या जंगलात पळून या किंवा नका येऊ, खायला या.

अमळनेरची_लेक | २७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

पुरुष मंडळी भाजणार आणि वाढणार असतील तर चौघी येतो.

(यानंतर अठ्ठावीस पोस्ट फक्त भरिताच्या. तेल किती, शेंगदाणे घालायचे का, कांद्याची पात की लसणाची. त्या वाचायच्या असतील तर वेगळा धागा काढलाय.)

मेहरूणचं_कासव | ४ जानेवारी, रात्री ८:४५

धागा वर काढतो. सहा आठवडे झाले, रिपोर्ट देतो.

मोबाईल हातात धरणं बंद केलं, पहिले दोन दिवस उजव्या हाताला काय करावं तेच कळेना, लग्नात फोटोला उभं राहिल्यावर होतं तसं. आता हलतो. ठेचाने सांगितलेलं गाणं ऐकायला पट्ट्याची छोटी पिशवी घेतली, कमरेला. १६० चा ठेका पहिल्या आठवड्यात अगदी चोरासारखा वाटला, टुकुटुकु, बाजूने जाणारे आजोबा बघायचे. धाप पण जास्त लागली, फिजिओ ताई म्हणाल्या तसंच. तिसऱ्या आठवड्यात डावी पोटरी दगडासारखी झाली, तेव्हा घाबरून चार दिवस फक्त चाललो. ख्रिसमसच्या सुमारास एका सकाळी गाणं बंद करून मोजलं तर ३९, ३९, ४०. म्हणजे साधारण १५७, न ठरवता. १६० काही अजून आपोआप येत नाही.

रविवारचा रन आता पाटाच्या कडेने मातीवर. गिरणाकाठ भाऊ, तुमचा उपकार. गुडघा आठव्याला दुखायचा तो आता दुखत नाही, एकदा दुखला पण तेव्हा मी हट्टाने डांबरी रस्त्यावर पंधरा किलोमीटर केले होते. उतारामुळे, मोबाईलमुळे की पावलांमुळे बरं झालं ते मला सांगता येणार नाही, तिन्ही एकदमच बदललं.

दुसऱ्या किलोमीटरचा व्हिडिओ काढला. ताई, दुसऱ्याला पाय ठीक पडतो हो. नवव्यालाच पुढे जातो. म्हणजे सोळाशेचंच बरोबर निघालं, थकतो म्हणून बिघडतो. आता पहिले तीन किलोमीटर मुद्दाम सावकाश करतो आणि आठवड्याचे ३० किमी केलेत.

टाइम, कालच्या १० किमीचा, ६३ मिनिटं ४० सेकंद.

भुसावळ_लोको | ४ जानेवारी, रात्री ९:१०

वीस सेकंदांसाठी सहा आठवडे! पण गुडघा थांबला ना, ते महत्त्वाचं. मी पण परवा कोणी नसताना पावलं मोजली. किती ते सांगणार नाही.

फिजिओ_धुळे | ४ जानेवारी, रात्री ९:२०

पोटरी धरल्यावर चार दिवस थांबलात ते सगळ्यात शहाणपणाचं केलंत. १५७ वर राहिलं तरी चालेल, १६० काही देवाने दिलेला आकडा नाही. टाचा खाली-वर चालू ठेवा. नवा व्हिडिओ आईंना दाखवला का?

मेहरूणचं_कासव | ४ जानेवारी, रात्री ९:३२

दाखवला. म्हणाली, आता दुखत नाही वाटतं. मग म्हणाली, गुडघ्याचं मला केव्हापासून माहिती होतं, जिना उतरताना बघत होते ना.

सोळाशे_मीटर | ५ जानेवारी, पहाटे ४:३५

भारी काका. माझं ग्राउंड फेब्रुवारीत आहे. काल सोळाशे ५:१४ आलं. चार सेकंद राहिले.

अमळनेरची_लेक | ५ जानेवारी, सकाळी ७:३०

@सोळाशे_मीटर शेवटच्या राउंडला खांदे खाली. आम्ही चौघी तुझ्यासाठी देवाला सांगतो.

नवीन_पाखरू | ५ जानेवारी, सकाळी ११:१५

छान माहितीपूर्ण धागा. मला पण पळायला सुरू करायचंय, बूट कोणते घेऊ?

खान्देशी_ठेचा | ५ जानेवारी, सकाळी ११:१६

पहिल्यापासून वाच भो, बठ्ठं वाच. मग रावेरला जाय, घड उचल.